दोन नळ्या, एक डबी

"मॅडम, तुम्हाला तरी माहीत आहे का, कोणाच्या नळीत खरं औषध आहे अन् कोणाच्या नळीत नुसतं चिकट काहीतरी?"

प्रश्न करिष्माच्या तोंडातून निघाला. दवाखान्यातली ती लांबट खोली कोपर धरून बसलेल्या लोकांनी गच्च भरली होती. बाकावरच्या सगळ्या माना एकदम वळल्या. आईने तिच्या मांडीला जोरात चिमटा काढला. नळ्या वाटणारी हर्षाताई हात तसाच पुढे धरून थांबली.

खरं सांगायचं तर प्रश्न करिष्माचा नव्हताच. तो तिच्या मैत्रिणींच्या, गार्गी आणि काजलच्या, सुपीक डोक्यातून निघालेला. गेल्या वर्षापर्यंत करिष्मा म्हणजे वर्गातलं मुकं झाड. तहान लागली तरी सुट्टीपर्यंत थांबेल, पण बाईंना विचारणार नाही. मग स्नेहसंमेलनात सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीचा घसा ऐनवेळी बसला, बाईंनी हाताला येईल त्या पोरीच्या हातात माइक कोंबला आणि ती पोरगी करिष्मा निघाली. पहिली दोन वाक्यं थरथरली, तिसऱ्याला लोक हसले, आणि तिथून जे तोंडाचं कुलूप उघडलं ते परत लागलंच नाही. दहावीत आल्यापासून तर ती कोणालाही काहीही विचारू शकते अशी तिची स्वतःचीच ख्याती तिने पसरवली होती. म्हणून काजल म्हणाली, एवढी हिंमत आहे ना, तर त्या मोठ्या डॉक्टरीणबाईले सगळ्यांसमोर विचारून दाखव, कोणाले उल्लू बनवून राहिल्या म्हणून. विचारलं तर आठवडाभर माझी सायकल तुझी.

डॉक्टर वंदना मॅडमनी चष्मा काढला. रागावतील असं वाटलं होतं, पण त्या हसल्या.

"नाही. मला माहीत नाही. हर्षालाही माहीत नाही. आणि आम्हाला माहीत नसणं, हेच तर या कामातलं सगळ्यात महत्त्वाचं आहे."

मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि जे पहिल्या दिवशी सगळ्यांना वाचून दाखवलं होतं, ज्यावर सगळ्यांनी हाव हाव करून माना डोलावल्या होत्या, तेच नव्याने सांगितलं. कोपराच्या बाहेरच्या हाडापाशी स्नायूचा जो दोर चिकटलेला असतो त्याच्या दुखण्यावर हे नवीन मलम आहे. ते लागू पडतं की नाही हे अजून कोणालाच ठाऊक नाही, तेच तपासायचंय. अर्ध्या लोकांच्या नळीत औषधाचं मलम, अर्ध्यांच्या नळीत अगदी तसंच दिसणारं, त्याच वासाचं, पण औषध नसलेलं. नळीवर फक्त नंबर. डॉक्टरला माहीत असलं तर तो डोळ्यांनी सांगून बसतो. पेशंटला माहीत असलं तर त्याचं मनच अर्धं दुखणं पळवतं, नाहीतर दुप्पट करतं. मनाला जरा बाहेर बसवून एकट्या मलमाची परीक्षा घ्यायची, म्हणून हा सगळा खटाटोप. औषध खरंच गुणाचं निघालं तर शेवटी सगळ्यांना ते मिळणार. आणि ज्याला नको वाटेल त्याने कधीही सोडून जावं, कोणी अडवणार नाही.

"टेनिस एल्बो म्हणते म्हणे याले," शेजारच्या रुखमाबाई पुटपुटल्या. "टेनिस आमच्या सात पिढ्यांनी नाही पाह्यला, अन् कोपर मात्र त्याच्याच नावानं दुखते."

खोलीत हशा पिकला. करिष्माने काजलची सायकल जिंकली. पण त्याहून मोठं काहीतरी आपल्याला मिळालंय असं तिला वाटत होतं. हे डोकेबाज प्रकरण तिला इतकं आवडलं की परत येताना सगळा वेळ ऑटोत ती आईला आणि रुखमामावशींना तेच समजावत बसली. तिच्या हातवाऱ्यांनी ऑटोवाल्याचा आरसा हलला, तरी ती थांबली नाही.

आता देवकी, म्हणजे करिष्माची आई, आणि रुखमाबाई या दोघींच्या कोपराला हे दुखणं कशानं लागलं, ते सांगायला हवं. तांडापेठेतल्या या दोघी लांब रोटी करणाऱ्या. लग्नाची पंगत असो की बारशाची, मागच्या अंगणात चुली मांडायच्या, त्यांवर माठ पालथे घालायचे आणि त्या तापल्या माठांवर रुमालासारख्या पातळ रोट्या टाकायच्या. पाहणाऱ्याला वाटतं, हातावर गोळा फिरवला, तो लांबत लांबत कोपरापर्यंत आला आणि फेकला माठावर, झालं. पण खरी मेहनत त्याच्या आधीची. कणीक पातळ भिजवायची आणि परातीत आपटत राहायची. उचलायची, आपटायची, उचलायची, आपटायची, इतकी की ती रबरासारखी ताणली पाहिजे. देवकीचा उजवा हात त्या आपटण्यातच गेला होता. उन्हाळ्यात दुखायला लागला तेव्हा तिने हळद लावली. मग गरम विटेचा शेक. मग पाण्याची गुंडी उचलताना हातातून सुटली, आणि एक दिवस करिष्माची वेणी घालता घालता तिचा हात मधेच गळून पडला. वेणी अर्धी राहिली.

पावसाळ्यात पंगती कमी, म्हणून निभावलं. पण आता कोजागिरी होऊन गेली होती. तुळशीचं लग्न लागलं की लगनसराई सुरू. इतवारीतल्या एका धान्याच्या व्यापाऱ्याकडचं मोठं लग्न आधीच ठरलेलं. तोवर हात चालला नाही तर देवकीच्या जागी दुसरी कोणी बसेल, आणि माठावरची जागा एकदा गेली की गेली. बाई घरी बसली म्हणून लोक विसरतात. देवकी हे बोलून दाखवत नव्हती. पण रात्री जेवताना ती डाव्या हाताने भाजी वाढायची आणि कोणी पाहिलं की चटकन हात बदलायची.

या बायांची एक रीत होती. पंगतीला जायच्या तेव्हा प्रत्येकीचा माठ वेगळा, चूल वेगळी, पण कणीक कोणाचीच वेगळी नाही. ज्या ज्या बायांनी जे जे भिजवून आणलं ते एका मोठ्या परातीत उलटवायचं, मिळवायचं, मग गोळे वाटून घ्यायचे. एकीची कणीक सुरेख ताणली गेली आणि दुसरीची तुटून पडली, तर पाहुण्यांत एकीची वाहवा आणि दुसरीची फजिती. ते नको. रोट्या फाटल्या तर सगळ्यांच्या फाटोत. ही रीत रुखमाबाईंनी देवकीला शिकवली, रुखमाबाईंना त्यांच्या सासूने.

तर, मलम सुरू झालं. सकाळ-संध्याकाळ वाटाण्याएवढं घ्यायचं, कोपरावर चोळायचं. संध्याकाळी हर्षाताईचा फोन यायचा: दुखणं शून्य ते दहा यात किती? पहिले काही दिवस ही मोठी गंमत होती. देवकीला आकडा सांगायचा म्हणजे बाजारात भाव केल्यासारखं वाटायचं. ती सहा म्हणायची, मग फोन ठेवता ठेवता पाच करायची, कारण एवढी चांगली पोरगी विचारून राहिली, तिले काहून नाराज करा. रुखमाबाईंचा हिशेब त्याहून जुना. "रुपयातले बारा आणे दुखते," त्या सांगायच्या, आणि बिचारी हर्षाताई फोनवर हिशेब मांडत बसायची. शेवटी करिष्माने दोघींना भिंतीवर कोळशाने दहा रेघा ओढून दिल्या. खाली काहीच दुखत नाही, वर हात तोडून टाकावासा वाटतो. मधलं तुमचं तुम्ही बघा.

दोनेक आठवड्यांनी रुखमाबाईंची रेघ खाली उतरू लागली. त्यांना कपडे पिळून वाळत घालता येऊ लागले. देवकीची रेघ मात्र होती तिथंच. आणि करिष्माने, जिच्या तोंडाला आता कुलूप नव्हतं, अंगणात दोघी भाजी निवडत बसलेल्या असताना सरळ निदान करून टाकलं. मावशींना बहुतेक खरं मिळालं, आईला बहुतेक बिनऔषधाचं. म्हणजे नक्की नाही सांगता येत, असं तिने पुढे जोडलं, मन पण खेळ करतं, पण दिसतंय तर तसंच. बोलून ती आत गेली, कारण काजलचा फोन वाजत होता. मागे दोघी बाया मेथीच्या जुड्या तशाच हातात धरून बसल्या, ते तिने पाहिलंच नाही.

मग एक चमत्कार झाला. देवकीचंही कोपर सुधारू लागलं. सहावरून चार, चारावरून तीन. एका सकाळी तिने करिष्माची पूर्ण वेणी घातली, रिबिनीच्या फुलासकट. करिष्मा शाळेत नाचत गेली. गार्गी-काजलला तिने मनावर एक लांबलचक व्याख्यान दिलं: पाहा, औषध नसलेल्या नळीनंसुद्धा माणूस बरं होऊ शकतं, विज्ञान किती भारी आहे. मोठेपणी आपण हेच करायचं, लोकांना नंबरच्या नळ्या द्यायच्या, असंही तिने ठरवून टाकलं.

हे व्याख्यान फार दिवस टिकलं नाही. एका संध्याकाळी शिकवणी रद्द झाली म्हणून ती लवकर घरी आली. रुखमामावशी ओट्याशी बसलेल्या, आई त्यांच्या कोपराला मलम चोळत होती. मलम नळीतून येत नव्हतं. आरशामागच्या फळीवर जी हळदीची जुनी स्टीलची डबी पडून असायची, ती आईच्या मांडीवर उघडी होती. आत पांढरं, चकचकीत, काठापर्यंत भरलेलं.

"आई, तुझी नळी कुठं आहे? नंबरवाली?"

"हे काय," रुखमाबाईंनी डबीकडे बोट केलं. त्यांच्या आवाजात लपवाछपवी अजिबात नव्हती, उलट थोडा अभिमानच होता. "दोघींच्याही याच्यात आहे. पिळल्या अन् मिळवल्या चांगल्या."

करिष्मा दप्तरासकट खाली बसली.

"तूच तं म्हणली होती," देवकी म्हणाली, "मावशीले असली भेटलं असन अन् मले नकली. मंग मावशी म्हणे, असं कसं चालन देवकी, एका परातीतल्या बाया आपण. अर्धं तुहं, अर्धं माहं. पाह्य, लागू पडलं का नाही."

करिष्माच्या डोक्यात सगळ्या रेघा एकदम गोंधळल्या. म्हणजे रोज संध्याकाळी हर्षाताईला जे आकडे गेले ते कोणत्या मलमाचे? मावशींच्या नळीचे की आईच्या? की डबीचे? आणि मुळात दोन्ही नळ्यांत एकच वस्तू असली तर? दोन्ही खऱ्या किंवा दोन्ही पोकळ? तर मग मिळवूनही काही फरक नाही. पण ते कोणाला कळणार, आणि कसं? तिला हसू आलं, मग रडू, आणि मग तिने दोघींना समजावायला सुरुवात केली. या वेळी हातवारे नव्हते. ती म्हणाली, यानं मॅडमचा सगळा अभ्यास बिघडतो. तुमच्या दोघींच्या उत्तरांवरून त्या ठरवणार आहेत की औषध गुणाचं आहे का नाही.

देवकीने डबीचं झाकण लावलं. मग ती जे बोलली ते करिष्माला पुढे कितीतरी दिवस टोचत राहिलं.

"मॅडमच्या घरी दोन लेकरं आजारी पडले, तं एकाले दवा अन् एकाले साखरेचं पाणी देईन का थे? आपल्यातल्या एकीले फसवून दुसरीले बरं करा, हे मले नाही जमत, पोरी. तुले जमत असन तं सांग."

मॅडमनी सांगितलेलं सगळं करिष्माला पाठ होतं, पण ते या प्रश्नापुढे ठेवलं की कागदासारखं पातळ वाटत होतं.

तेवढ्यात बाबा आले. जितेंद्र हिंगण्याच्या कारखान्यात कामाला, कंपनीच्या बसने येणारा-जाणारा, चौकात उतरला की घरापर्यंत चालत चालत दिवसभराचा आवाज कानातून काढत येणारा माणूस. त्याने बूट काढता काढता सगळं ऐकलं. त्याचं मत सरळ होतं. एवढ्या शेकडो पेशंटांत दोन बाया इकडच्या तिकडे झाल्या तर काही आभाळ कोसळत नाही. सांगायला गेलं तर काढून टाकतील. देवकीचा हात आता कुठे हलू लागलाय, लगनसराई दाराशी आहे. जे चाललंय ते चालू द्या. तो वाईट माणूस नव्हता. तो बायकोच्या हाताकडे पाहून बोलत होता, आणि ते करिष्माला दिसत होतं.

म्हणून तीही गप्प बसली असती. पण फोन वाजला. हर्षाताईचा रोजचा फोन, आणि त्या दिवशी तिने नेमकं आकड्याच्या आधी विचारलं, मलम स्वतःच्याच नळीतलं वापरता ना, कोणाला देत नाही ना? स्पीकर सुरू होता. देवकीने नवऱ्याकडे पाहिलं, रुखमाबाईंकडे पाहिलं, करिष्माकडे पाहायचं टाळलं.

"हाव," ती म्हणाली. "माहीच नळी."

इतका बारीक आवाज करिष्माने आईच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. पंगतीत शंभर माणसांच्या गलक्यातून चुलीवरून "लाकूड आणा गा" अशी आरोळी मारणारी ही बाई. तिचा 'हाव' असा, घासातून खडा काढून बाजूला ठेवावा तसा. फोन ठेवल्यावर देवकी आत गेली आणि उगाच तांदूळ निवडत बसली. तांदूळ निवडलेलेच होते.

दुसऱ्या दिवशी शाळेत शिरता शिरता तिने मैत्रिणींना सगळं सांगितलं, तेव्हा गार्गी म्हणाली, कोणाले समजणार आहे, सोड ना. काजल मात्र वस्तऱ्यासारखी बोलली. "तुह्याच तोंडानं झालं हे सारं. आता तरी बंद ठेव थे." करिष्माने खरंच ठेवलं. पुढचा सगळा दिवस ती एक शब्द बोलली नाही. गणिताच्या बाईंनी कपाळाला हात लावून पाहिला, ताप आला की काय म्हणून. गप्प राहणं सोपं असतं हे ती विसरून गेली होती. आता आठवलं, आणि ते तिला आवडलं नाही. पूर्वी ती भीतीने गप्प असायची. आजचं गप्प राहणं वेगळं होतं. त्यात आईच्या खोट्या 'हाव'मधला तिचाही हिस्सा होता.

शाळा सुटल्यावर ती घरी न जाता रुखमामावशींकडे वळली. मागच्या अंगणात चूल पेटलेली, नवीन माठ पालथा घातलेला. रुखमाबाईंची सून सुमती पहिल्यांदाच स्वतःच्या माठावर बसायला शिकत होती. लग्न होऊन वर्ष झालेलं, हातातल्या हिरव्या बांगड्या वर सरकवलेल्या. कणीक आपटून झाल्यावर ती माठ तापायची वाट पाहत बसली, आणि बसल्या बसल्या डाव्या हाताने उजवं कोपर दाबत राहिली. तिला स्वतःलाही ते जाणवत नव्हतं. डास चावल्यावर आपण नकळत खाजवतो तसं.

करिष्मा ते पाहत उभी राहिली.

रुखमाबाईंनी एक छोटा गोळा घेतला आणि माठावर फेकला. परखायची रोटी. पहिली रोटी कोणी खायची नसते, ती माठाची खबर आणते. कुठे करपली, कुठे कच्ची राहिली, त्यावरून कळतं जाळ कुठे सरकवायचा. प्रत्येक माठाचा स्वभाव वेगळा.

"मावशी," करिष्मा म्हणाली, "दोन माठ परखायचे असले, अन् तुम्ही एकच रोटी अर्धी या माठावर, अर्धी त्या माठावर टाकली, तं?"

"तं काय समजन? करपली तं कोण्या माठानं करपवली?"

"तेच केलं आपण."

रुखमाबाईंनी रोटी उचलली. एका बाजूला काळी, एका बाजूला पांढरी. त्यांनी ती सुमतीच्या पुढ्यात ठेवली आणि चुलीतलं एक लाकूड मागे ओढलं.

"म्हणजे आम्ही दोघींनी मिळून मॅडमचा माठच फोडला म्हण."

नाही फोडला, करिष्मा म्हणाली. सांगितलं तर त्या तुमच्या दोघींच्या रोट्या बाजूला काढतील आणि बाकीच्यांवरून परखतील. नाही सांगितलं तर त्या तुमच्याही मोजतील. मग मलम चांगलं असूनही टाकून देतील, नाहीतर पोकळ असून विकायला काढतील. आज ना उद्या हिला लागणारच ना ते, असं म्हणताना तिने सुमतीकडे पाहिलं. सुमतीने पटकन कोपरावरचा हात काढून घेतला. सासू पाहून राहिली होती.

"दाखव हात," रुखमाबाई म्हणाल्या.

सुमती म्हणाली काही नाही झालं. रुखमाबाईंनी तिच्या कोपराच्या हाडापाशी अंगठा दाबला तशी ती कळवळली. सासूने अंगठा काढला, पण हात नाही काढला. तसाच धरून ठेवला.

"काहून नाही सांगितलं वं?"

"तुम्ही कुठं सांगत होत्या," सुमती म्हणाली.

मग रुखमाबाईंनीच ठरवलं, की मॅडमना सांगायला त्याही दवाखान्यात येतील. पण त्यांना एका गोष्टीची काळजी होती, आणि ती त्यांनी आडपडदा न ठेवता मांडली. माहं काय, म्हणाल्या, माहे दिवस झाले आता. तुह्या मायचे अजून खूप आहेत. मलम गेलं अन् दुखणं परत आलं तं ऐन लगनसराईत तिनं काय करावं?

करिष्मा म्हणाली, ते मला नाही माहीत.

"मंग पहिले घरी बोल. मायले न सांगता गेली, तं तुह्यात अन् डबी लपवणाऱ्या आमच्यात काय फरक राह्यला?"

घरापर्यंत जाताना ती दोनदा चुकीच्या गल्लीत शिरली. डोक्यात आईचा प्रश्न फिरत होता, दोन लेकरं आणि एक दवा. हळूहळू तिला एवढंच कळलं की आईचा प्रश्नही खरा आहे आणि मॅडमचं न माहीत असणंही खरं आहे, आणि दोन खऱ्या गोष्टी एकमेकींना काटत नाहीत. तो प्रश्न तर मॅडमनाच विचारायला हवा. पण खोट्या 'हाव'च्या आडून नाही. तोंड वर करून. आणि राहिला आईचा हात. तो आपटण्यात गेला होता. रोटी फेकण्यात नव्हे.

घरी आली तेव्हा बाबा ओट्यावर चहा पीत बसले होते. आई चुलीपाशी परात घेऊन. उद्याच्या एका छोट्या बारशासाठी ती कणीक आपटून पाहत होती, हात किती साथ देतो ते. प्रत्येक आपटीला तिचा खालचा ओठ दाताखाली जात होता. करिष्माने दप्तर खुंटीला लावलं आणि खोलीच्या मधोमध येऊन उभी राहिली. हातात माइक नव्हता. पण दोघांनीही मान वर केली, कारण कालपासून ही पोरगी घरात एक शब्द बोलली नव्हती आणि घराला ते सहन होत नव्हतं.

"बाबा, चहा ठेवा जरा. आई, परात सरकव. मले सांगायचं आहे, मधे कोणी बोलू नका, नाहीतर मी विसरीन."

बाबांनी चहा ठेवला. आईने परात सरकवली नाही, पण हात थांबवला.

"उद्या शाळा सुटली की मी दवाखान्यात जाऊन राहिली, रुखमामावशीसोबत. डबी घेऊन. झालं तसं सगळं सांगणार. मी अंगणात काय बडबडली, तेही. आई, तू आली तं तुहं तू सांग, मी मधे तोंड घालणार नाही. अन् तुहा तो दोन लेकरांचा प्रश्न आहे ना, तो मॅडमले विचार. त्याईले पण उत्तर द्यावं लागन. तू नाही आली, तं तुहा हाव खोटा होता हे मले सांगावं लागन, अन् ते मले अजिबात आवडणार नाही. पण मी सांगीन. बाबा, थांबा, संपलं नाही. मलम बंद करतील कदाचित. दुखणं परत येईन कदाचित. म्हणून दुसरं हे, की आजपासून कणीक मी आपटणार. दहावी आहे, मले माहीत आहे, मीच दहावीत आहे. पंगतीच्या दिवशी पहाटे उठीन, आपटून देईन, मग शाळेत जाईन. रोटी तू टाक, जागा तुहीच राहीन. मले नीट नाही जमणार पहिले, तुम्ही हसाल, हसा. पण ठरलं माहं. आता ती परात इकडे दे."